जर्मनीत पहिले पंधरा दिवस: नागपूरहून निघणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

सप्टेंबर लागला की आमच्या त्रिमूर्तीनगरच्या बाजूला कोणाच्या ना कोणाच्या घरी हॉलमध्ये दोन मोठ्या बॅगा उघड्या पडलेल्या दिसतात. आई म्हणून राहिली असते, "तूप तरी ने". बाबा बॅग काट्याला लटकवून किलो मोजत असतात. बॅग भरायला महिना जातो. तिकडे उतरल्यावर पहिल्या आठवड्यात काय करायचं, हा विचार मात्र विमानात बसल्यावर सुरू होतो. मी तिकडे शिकून परत आले, तेव्हापासून दरवर्षी ओळखीतली पोरं विचारायला येतात. त्यांना पहिलं हेच सांगते की बॅगेचं टेन्शन अर्धं करा आणि कागदांचा क्रम पाठ करा.

कारण जर्मनीत पहिले पंधरा दिवस कागदांचेच असतात, आणि ते कागद साखळीने येतात. घरमालकाचा कागद नसेल तर पत्त्याची नोंद होत नाही. नोंद नसेल तर टॅक्स नंबर येत नाही, रहिवासी परवान्याचा अर्ज पुढे सरकत नाही, बऱ्याच बँकाही थांबा म्हणतात. मधली एक कडी सुटली की पुढचं सगळं अडतं.

तिकीट काढतानाच

सोमवार ते बुधवार या दिवसांत उतरा. विद्यार्थी वसतिगृहाची किल्ली हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा माणूस, देतो. तो ऑफिसच्या वेळेतच भेटतो. शुक्रवारी दुपारनंतर बरीच ऑफिसं रिकामी होतात. रविवारी दुकानं बंद. मोठ्या रेल्वे स्टेशनांतली काही दुकानं तेवढी उघडी. त्यात 3 ऑक्टोबरला राष्ट्रीय सुट्टी. हिवाळी सत्र कागदोपत्री 1 ऑक्टोबरला सुरू होतं आणि बरेच भाडेकरार त्याच तारखेपासून असतात. वर्ग बहुतेक ठिकाणी ऑक्टोबरच्या मध्याला लागतात. तेव्हा आधीचे दोन-चार दिवस कुठे राहायचं, हे तिकिटासोबतच ठरवून टाका.

आपल्याकडे नेमका त्याच सुमारास पितृपक्ष येतो आणि घरातली मोठी माणसं तारखेवरून अडून बसतात. पितृपक्ष टाळायचा तर टाळा, पण शुक्रवारची संध्याकाळ त्याहून आधी टाळा.

घर अजून ठरलं नसेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. फोटो झकास, भाडं फारच कमी, मालक "सध्या परदेशात", डिपॉझिट पाठवलं की किल्ली पोस्टाने पाठवतो म्हणतो. हा सरळसरळ फसवणुकीचा प्रकार आहे आणि दर वर्षी नवीन पोरं त्यात अडकतात. विद्यापीठाच्या शहरातल्या श्टुडिएरेन्डेनवेर्ककडे, म्हणजे वसतिगृहं आणि मेस चालवणाऱ्या संस्थेकडे, प्रवेशपत्र हातात पडल्याच्या दिवशीच अर्ज टाका. बऱ्याच शहरांत प्रतीक्षा यादी लांबलचक असते. तात्पुरती खोली घेत असाल तर आधी एकच प्रश्न विचारा: इथल्या पत्त्यावर नोंदणी करता येईल का? नाही म्हणाले तर ती खोली झोपायच्या कामाची, कागदाच्या कामाची नाही.

बॅगेतून काय काढायचं

युरोपियन युनियनच्या बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ सोबत आणायला मनाई आहे. म्हणजे तूप गेलं, पेढे गेले, आणि खव्याची असेल तर संत्रा बर्फीसुद्धा गेली. ताजी फळं आणि पानंही नाहीत. संत्री, लिंबं, कढीपत्ता घरीच ठेवा. बर्फी एअरपोर्टवर कचऱ्यात पडताना बघण्यापेक्षा इथेच खाऊन घ्या.

खसखस हा वेगळाच मामला आहे. जर्मनीत ती पावावर लावून खातात, पण आखातातल्या काही देशांत, दुबई-शारजा धरून, ती अमली पदार्थांत मोडते. नागपूरहून निघणारी बरीच पोरं आखातातूनच विमान बदलतात. सावजी मसाला घरी करून देणाऱ्या काकूंना आधीच सांगा की या खेपेला खसखस नको.

कुकर न्यायचा तर बुड बघा. तिथल्या स्वयंपाकघरात गॅस क्वचित दिसतो. विजेची काचेची शेगडी असते, काही ठिकाणी इंडक्शन. आपला साधा अॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. इंडक्शन चालेल असा तीन लिटरचा स्टीलचा घ्या, तव्यालाही तेच. विजेचा दाब आपल्यासारखाच 230 व्होल्ट आहे. मोबाइलचे दोन पिनांचे चार्जर बहुतेक बसतात, तीन पिनांचा भारतीय प्लग बसत नाही. एखाददोन अॅडॉप्टर पुरतात.

जाड जॅकेट इथून नेऊ नका. नागपूरच्या थंडीच्या हिशेबाने बर्डीवर मिळणारं जॅकेट तिथल्या नोव्हेंबरच्या पावसात आणि वाऱ्यात टिकत नाही. आत घालायचे थर्मल घ्या, बाकी तिकडे घ्या.

पासपोर्ट, प्रवेशपत्र, ब्लॉक्ड अकाउंटचं (वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) पत्र, विम्याची कागदं, एपीएस सर्टिफिकेट (आपल्या शिक्षणाची कागदं तपासल्याचा दाखला), मूळ मार्कशीट आणि भाडेकरार हातातल्या बॅगेत ठेवा. यातला एकही कागद चेक-इनमध्ये टाकू नका. रोजच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा.

भारतातला मोबाइल नंबर बंद पडू देऊ नका. बँकेचा ओटीपी त्याच्यावरच येतो आणि तिकडून नंबर पुन्हा सुरू करणं म्हणजे डोक्याला ताप. रोमिंग चालू करून, रिचार्जची जबाबदारी घरी कोणाला तरी नेमून द्या. शिकायला बाहेर गेलेला विद्यार्थी परकीय चलनाच्या नियमांत अनिवासी धरला जातो, म्हणून बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी लोकांचं रुपयातलं खातं, करण्याबद्दल निघण्याआधीच शाखेत बोलून ठेवा.

उतरल्याच्या दिवशी

पहिला गोंधळ स्टेशनवर होतो. नागपूर मेट्रोत कार्ड लावल्याशिवाय गेट उघडत नाही. तिथल्या मेट्रोला, ट्रामला, लोकलला गेटच नसतं. सरळ चालत जाऊन बसता येतं. याचा अर्थ फुकट आहे असा नाही. साध्या कपड्यातला तपासनीस मध्येच उठून उभा राहतो आणि तिकीट नसेल तर 60 युरो दंड होतो. काही शहरांत मशीनमधून काढलेलं कागदी तिकीट प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या डब्यात घालून शिक्का मारून घ्यावा लागतो. शिक्का नसेल तर तिकीट असूनही दंड. "मला माहीत नव्हतं" तिथे चालत नाही.

पुढे बहुतेक विद्यापीठांत सत्राच्या फीमध्येच प्रवासाचा पास येतो. तोपर्यंत हवा तर डॉइचलांड तिकीट घ्या. ते 2025 मध्ये महिन्याला 58 युरो होतं, 2026 पासून 63 झालं. देशभरातल्या शहरी आणि प्रादेशिक गाड्यांत ते चालतं, आयसीईसारख्या वेगवान गाड्यांत चालत नाही. ते मासिक वर्गणीवर मिळतं, रद्द करायची मुदत बघून ठेवा.

खोलीची किल्ली घेताना एक यादी सहीसाठी समोर येते: भिंतीवर ओरखडा, टेबलाचा पाय हलतो, वगैरे. घाईत सही करू नका. जे तुटकं दिसेल ते यादीत लिहून घ्या आणि फोटो काढा, कारण खोली सोडताना डिपॉझिटमधून पैसे याच यादीवरून कापतात.

आणि सामान उघडायच्या आधी खाली जाऊन पत्रपेटी बघा.

हे मी सगळ्यांना दोनदा सांगते. आपल्याकडे पत्ता म्हणजे प्लॉट नंबर, अमक्या हनुमान मंदिराजवळ, तमक्या आटाचक्कीच्या मागे. त्यातलं अर्धं चुकलं तरी पोस्टमन काका घर शोधून काढतात. जर्मनीत पत्त्यात रस्ता आणि इमारतीचा नंबर असतो, फ्लॅट नंबर बहुधा लिहीतच नाहीत. पत्र कोणत्या पेटीत टाकायचं, हे पोस्टमन फक्त नावावरून ठरवतो. पेटीवरच्या बोटभर पट्टीवर तुमचं आडनाव नसेल तर त्याच्या दृष्टीने तुम्ही तिथे राहतच नाही आणि पत्र परत जातं. बँकेचं कार्ड, त्याचा पिन वेगळ्या पाकिटात, विम्याचं कार्ड, टॅक्स नंबर, सगळं पोस्टाने येतं. तेव्हा पहिल्याच संध्याकाळी कागदाची पट्टी कापून, आडनाव ठळक अक्षरांत लिहून, सेलोटेपने पेटीवर आणि बेलवर लावा. हाउसमाइस्टर नंतर छापील पट्टी देईल तेव्हा देईल. पासपोर्टवर जे आडनाव आहे आणि बँकेला, विम्याला, विद्यापीठाला जे दिलं आहे, तेच लिहा. मित्राच्या खोलीत काही दिवस राहणार असाल तर त्याच्या पेटीवर त्याच्या नावाखाली तुमचंही नाव लावा.

आनमेल्डुंग

पत्त्याची सरकारी नोंद म्हणजे आनमेल्डुंग. आपली पोरं तिला सिटी रजिस्ट्रेशनही म्हणतात. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ही नोंद करायची असा कायदा आहे, न केल्यास दंड होऊ शकतो. ती शहराच्या नागरी सुविधा कार्यालयात होते. कुठे त्याला ब्युर्गरआम्ट म्हणतात, कुठे ब्युर्गरब्युरो.

मोठ्या शहरांत अपॉइंटमेंट मिळणं हीच खरी परीक्षा. नागपूरहून निघण्याआधीच शहराच्या वेबसाइटवर तारीख शोधायला लागा. बऱ्याच ठिकाणी पत्ता नसतानाही तारीख घेता येते. आज काहीच दिसत नसेल तर सकाळी ऑफिस उघडायच्या सुमारास पुन्हा बघा, रद्द झालेल्या तारखा मोकळ्या होत असतात. पंधरा दिवसांत तारीखच नसेल तर घाबरू नका; मिळेल ती लवकरची घ्या आणि बुकिंगचा ईमेल जपून ठेवा. वेळेत प्रयत्न केला हे दाखवता आलं पाहिजे.

सोबत पासपोर्ट, भरलेला फॉर्म आणि घरमालकाने सही केलेला एक पानी कागद लागतो. त्या कागदाचं जर्मन नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. नाव पाठ नाही झालं तरी चालेल, पण भाडेकरार म्हणजे हा कागद नव्हे. करार दाखवून भागेल असं समजून गेलेली पोरं हात हलवत परत येतात. किल्ली घेतानाच हा कागद मागा.

फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. तो चर्चच्या करासाठी आहे. तिथे कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट अशी नोंद झाली की पुढे पगारावर कर लागेल तेव्हा त्या कराच्या 8 किंवा 9 टक्के चर्च टॅक्स वेगळा कापतात. हिंदू, बौद्ध, मुसलमान विद्यार्थ्यांना तो लागू नाही. आपल्याकडची ख्रिस्ती पोरं असतील तर त्यांनी हा रकाना विचार करून भरावा.

काम दहा-पंधरा मिनिटांत होतं. समोरची बाई कडक वाटेल, पण बहुतेक वेळा ती चिडलेली नसते, तिची बोलायची पद्धतच तशी. नोंदणीचा शिक्का मारलेला कागद मिळतो. त्याचा लगेच फोटो काढा, जागोजागी लागतो. त्यानंतर काही आठवड्यांत पोस्टाने 11 आकडी टॅक्स नंबर येतो. तो आयुष्यभराचा असतो, म्हणून ते पाकीट रद्दीत जाऊ देऊ नका. (पत्रपेटीवरचं नाव इथेच कामी येतं.)

पैसे आणि विमा

ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो भरलेत म्हणून उतरल्या उतरल्या ते हातात येतील असं नाही. महिन्याला 992 युरो सुटतात, तेही तुमचं जर्मनीतलं चालू खातं उघडून त्याचा नंबर दिल्यावर. ही साखळी जुळायला दोन-तीन आठवडे सहज जातात. तेवढ्यात पहिलं भाडं, सत्राची फी आणि डिपॉझिट समोर उभं राहतं. कायद्याने डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं घेता येतं, म्हणजे रक्कम छोटी नाही. माझ्या मते फॉरेक्स कार्डवर किमान दीड हजार युरो आणि खिशात दोन-तीनशे रोख असावेत. रोख लागतेच, छोट्या बेकऱ्या आणि जुनी दुकानं अजूनही कार्डाला नाक मुरडतात.

भाडं विचारताना "गरम" की "थंड" हे विचारा. थंड भाड्यात हीटिंग आणि पाणी नसतं, गरम भाड्यात असतं. वीज आणि इंटरनेट दोन्हींत नसू शकतं.

तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला सरकारी आरोग्य विम्याची विद्यार्थी सवलत मिळते, महिन्याला साधारण दीडशे युरोच्या आसपास. विमा कंपनी तुमची माहिती विद्यापीठाला परस्पर ऑनलाइन कळवते आणि ती पोचल्याशिवाय प्रवेश पक्का होत नाही. म्हणून हा अर्ज नागपूरहूनच सुरू करा. सरकारी विमा सुरू होईपर्यंतच्या दिवसांसाठी प्रवास विमा लागतो. तीस ओलांडलेल्यांना ही सवलत बहुधा मिळत नाही. त्यांनी दुसरा विमा घेण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला विचारावं.

बरं नसेल तर थेट हॉस्पिटलमध्ये धावायचं नसतं, आधी जवळच्या फॅमिली डॉक्टरकडे जायचं. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी, जिवावरचं नसेल तर 116117. जिवावरचं असेल, आग लागली असेल तर 112. पोलिसांसाठी 110. चौकातल्या मेडिकलवाल्याला सांगून अँटिबायोटिक आणायची सवय विसरा, तिथे चिठ्ठीशिवाय मिळत नाही.

घरातल्या सवयी

नागपूरकराचा पहिला खटका खिडकीवरून उडतो. आपल्याला कूलरची सवय, म्हणजे खिडकी उघडी आणि दिवसभर घरघर. तिथे थंडीत खिडकी बंद ठेवायची, पण दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं सताड उघडून खोलीतली दमट हवा बाहेर काढायची, त्या वेळी हीटर बंद. हे केलं नाही तर कोपऱ्यात काळी बुरशी धरते आणि डिपॉझिट कापायला मालकाला कारण मिळतं. खोलीत ओले कपडे वाळत घातले असतील तर आणखीच.

स्वयंपाकात घात करते ती फोडणी. घरोघरी छताला धूर ओळखणारं यंत्र असतं. लाल मिरचीची खमंग फोडणी झाली की ते किंचाळतं आणि मजल्यावरची सगळी मंडळी दारात येतात. तेल तापायच्या आधी खिडकी उघडा, एक्झॉस्ट लावा, मोहरी पडली की झाकण ठेवा. स्वयंपाकघराचं दार बंद, कारण कॉरिडॉरमधलं यंत्र जास्त हळवं असतं.

गव्हाच्या पिठाच्या पुड्यावर आकडा असतो. 405 म्हणजे जवळजवळ मैदा. त्याच्या पोळ्या वातड होतात. 1050 घ्या किंवा भारतीय दुकानातून आटा आणा. तूरडाळ, पोहे, हिंग बऱ्याच शहरांत मिळतात, फक्त महाग. तर्रीसाठी चणे सुपरमार्केटात डब्यात शिजवलेले मिळतात. चव बर्डीची येत नाही, पण सकाळी घाईत असताना वाईट नाही.

रात्री 10 ते सकाळी 6 आणि रविवारी दिवसभर शांतता पाळायची असते. रात्री अकराला चटणीसाठी मिक्सर लावला तर शेजारी तोंडाने बोलणार नाही, चिठ्ठी चिकटवेल. कचरा चार डब्यांत: निळ्यात कागद, पिवळ्यात पॅकिंग, तपकिरीत ओला, काळ्यात उरलेला. रंग शहरागणिक थोडे बदलतात, म्हणून डब्यावरचं चित्र बघा. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्या आणि कॅन फेकू नका. बहुतेकींमागे 25 सेंट अनामत आधीच भरलेली असते आणि सुपरमार्केटातल्या मशीनमध्ये बाटली टाकली की परत मिळते.

घरी फोन करताना सुरुवातीला भारत साडेतीन तास पुढे असतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात आणि फरक साडेचार तासांचा होतो. आईला आधी सांगून ठेवा, नाहीतर रोजच्या वेळेला फोन आला नाही की ती काळजी करत बसेल.

पंधरा दिवसांनंतरचं, पण आत्ताच माहीत असावं असं

व्हिसा काही महिन्यांचाच असतो. तो संपण्याआधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात रहिवासी परवान्याचा अर्ज करायचा, फी साधारण 100 युरो. मोठ्या शहरांत भेटीची तारीख महिनोन् महिने मिळत नाही, म्हणून आनमेल्डुंग आणि विद्यापीठाचा प्रवेश झाला की लगेच अर्ज पाठवा आणि पोच जपून ठेवा. मधल्या काळासाठी एक तात्पुरता कागद मिळतो. डिसेंबरात ताईच्या लग्नाला नागपूरला यायचं असेल तर त्या कागदावर परत जर्मनीत शिरता येतं का, हे त्याच कार्यालयाला विचारल्याशिवाय तिकीट काढू नका.

आणि एक दिवस पत्रपेटीत रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं पत्र येईल. "माझ्याकडे टीव्हीच नाही" म्हणून बरीच पोरं ते फेकतात. टीव्ही असो नसो, शुल्क घराला लागतं, महिन्याला 18.36 युरो. एका घराला एकदाच. एकत्र फ्लॅटमध्ये राहत असाल तर रूममेट आधीच भरतो का ते विचारा. भरत असेल तर त्याचा वर्गणी क्रमांक ऑनलाइन कळवा आणि तुमच्या वाट्याचे पैसे त्याला द्या.